सामानाच्या कपाटाचं कुलूप

तुमच्यापैकी कुणीतरी खोटं बोललंय. एकदा नव्हे, रोज, सकाळ-संध्याकाळ. आणि त्याची शिक्षा भलताच माणूस भोगतोय.

हे वाक्य मी परवापासून मनात घोळवतोय, पण ते नेमकं कुणाला ऐकवावं ते ठरत नव्हतं. या हॉलमध्ये अठ्ठावीस खाटा आहेत. शिवाय इथली व्यवस्था बघणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या मावशी आणि आठवड्यातून एकदा येणारे संस्थेचे साहेब. मला विचाराल तर माझा सगळ्यांवरच संशय होता. त्याला इलाज नाही, माझा जन्मच त्यासाठी झालाय. मी कुलूप बोलतोय. बेघरांच्या निवाऱ्यात सामानाचं जे लोखंडी कपाट आहे ना, त्याला लटकलेलं, पितळी, सहा लिव्हरचं.

एका लांबट शेडमध्ये मी घडलो. कुणी मला ओतलं, कुणी कानशीने घासलं, कुणी पोटात स्प्रिंग बसवली. शेवटच्या टेबलावर एक दांडगा कामगार उभा असे. तो प्रत्येक कुलूप भिंतीतल्या हुकाला अडकवायचा आणि पाय रोवून दोन्ही हातांनी ओढायचा. माझ्यावर त्याने जरा जास्तच जोर काढला. मी हललो नाही. तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "हे बघ, हे सख्ख्या बापाचंही ऐकणार नाही." त्या एका वाक्यावर मी मोठा झालो. जगात दोनच जातीची माणसं असतात, चावीवाली आणि चोर, असं मी तेव्हापासून धरून चाललो.

माझा पहिला मालक कापडाचा दुकानदार होता. शटर ओढलं की मला लावायचा आणि तीनदा ओढून बघायचा. दहा पावलं गेला की परत यायचा आणि पुन्हा ओढायचा. कधी कधी कोपऱ्यावरून तिसऱ्यांदा. एकदा त्याची बायको दुकानात आली. मला हातात घेऊन, उलटंसुलटं करून म्हणाली, "हीच का माझी सवत? हिच्यापायी रात्री उठून बसता होय?" दुकानदार हसला, पण त्या संध्याकाळीही त्याने मला चारदा ओढलं. पंधरा वर्षं हे चाललं. मला वाटायचं, काय हा विश्वास! तो विश्वास नव्हता हे कळायला मला इथे यावं लागलं.

दुकान बंद झालं तेव्हा त्याने एक कपाट निवाऱ्याला दिलं आणि कपाटाबरोबर मला. लोक दान म्हणून काय काय देतात यावर मला एकदा सविस्तर बोलायचंय. एक पाय लुळा पडलेल्या खुर्च्या येतात, दोन्ही डाव्या पायाचे बूट येतात, एका सद्गृहस्थांनी तर बारा टाय पाठवले होते. मावशी त्या टायांनी पातेली उतरवतात. मीही त्याच रांगेतला होतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हा निवारा म्हणजे एक जुना छापखाना. भिंतींवर अजून शाईचे डाग आहेत. संध्याकाळी सहाला दार उघडतं. आत आलं की आधी पिशवी कपाटात, मग हातपाय धुणं, मग जेवण, मग खाट. सकाळी सातला पिशवी परत आणि दार बंद. पिशवीचा नियम साहेबांचा. न जाणो कुणी बाटली आणली, कुणी चाकू आणला, म्हणून. साहेब माणूस वाईट नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून स्वतःच्या खर्चाने इथे खेपा घालतो. पण ज्याच्याकडे जगात एकच पिशवी आहे त्याची तेवढीच पिशवी दारात काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, "आपलंच घर समजा." घरात असं करतात का हो? मी कुलूप असून मला हे खटकायचं, तर ज्यांची पिशवी त्यांना काय वाटत असेल?

आणि त्या पिशव्यांत असायचं काय? खोकल्याचं औषध. चष्मा. चुरगळलेला फोटो. एका बाईच्या पिशवीत तर नुसती एक किल्ली होती. तिचं दार आता कुठेच नाही.

माझी चावी ड्रायव्हरकडे. त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. पंचवीस वर्षं ट्रक चालवला, मग कंबर गेली, मग नोकरी, मग बाकीचं ओळीने गेलं. दोन वर्षांपूर्वी तो इथे जेवायला आला आणि वर्षभरात ताईंनी त्याला चावी दिली. ती त्याने दोरीत ओवून गळ्यात घातली. कपाटाशेजारची पहिली खाट त्याची झाली. तो संध्याकाळी मला लावायचा तेव्हा त्याची पाठ ताठ व्हायची, कंबर दुखत असूनही. मी त्याच्यावर डोळा ठेवून असायचो. चावीवाल्याचा चोर व्हायला किती वेळ लागतो?

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझं पितळ उघडं पडतंय, पण सांगतो. सात महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी रंगाऱ्याला खोकल्याची उबळ आली. हा रंगारी म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा, साठीला टेकलेला, बारीक अंगाचा. औषध पिशवीत, पिशवी कपाटात, ड्रायव्हर मोरीत. रंगाऱ्याने वैतागून मला एक हिसका दिला.

आणि मी उघडलो.

कापडवाल्याने पंधरा वर्षं संशयाने ओढून ओढून माझा आतला खटका झिजवून टाकला होता. मी लागल्यासारखा दिसायचो. 'खट्' असा आवाजही करायचो. पण एका हिसक्याचा सोबती होतो. सगळा हॉल माझ्याकडे बघत राहिला. ड्रायव्हर मोरीतून ओल्या हातांनी आला, त्याने मला उचललं, पोटात डोकावून पाहिलं, कपाटाला अडकवलं आणि दाबलं. खट्.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"आम्हीपण नाही," खाटेवरची आजी म्हणाली.

त्या दिवसापासून इथे एक रीत पडली. कुणाला पिशवीतलं काही हवं असलं की त्याने दुसऱ्या एकाला कपाटासमोर उभं करायचं, मला हिसका द्यायचा, आपली वस्तू घ्यायची आणि मला परत दाबून लावायचं. एकट्याने कपाट उघडायचं नाही. कुणी लिहून ठेवली नव्हती, पण सगळे पाळायचे. ताई आणि साहेबांना पत्ता नव्हता. मावशींना होता, कारण स्वयंपाकघराच्या दारातून कपाट दिसतं. मी मात्र रोज वाट बघायचो. आज जाईल काहीतरी. आज नक्की.

ते गेलं परवा, मंगळवारी.

सोमवारी संध्याकाळी साहेब एक पत्र घेऊन आले होते. कामगार वसतिगृहात रंगाऱ्याला खोली मिळाली होती. स्वतःची खोली, खिडकी असलेली, आतून कडी लावता येणारी. मूळ ओळखपत्र घेऊन गुरुवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पत्र जेवणाच्या पंगतीत उभं राहून मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या ऐकत होतो. काही हात उशिरा वाजले, काही लवकर थांबले.

मंगळवारी पहाटे सगळे मोरीच्या रांगेत असताना आजी माझ्याजवळ आली. एकटी. ही आजी कुणाची सख्खी नाही. अठरा वर्षं फुटपाथवर काढून दीड वर्षापूर्वी इथे आलेली, तोंडाची फटकळ. त्या दिवशी तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता, दवाखान्याची गाडी दारात उभी होती. तिने इकडे-तिकडे पाहिलं आणि मला हिसका दिला. तिची पिशवी तर तिच्या खांद्यावर होती. मग कपाटात काय काम? मला आतलं दिसत नाही, मी बाहेर कडीला लोंबकळत असतो. फक्त ऐकू आलं. पिशवीची चेन, प्लास्टिकची चुळबुळ, मग बोचक्याची गाठ. मग तिने मला दाबलं आणि गेली.

कार्ड रस्त्यात पडू नये म्हणून त्या दिवशी रंगारी ताईंना विचारून पिशवी कपाटातच ठेवून गेला होता. संध्याकाळी त्याने ड्रायव्हरला समोर उभं करून ती काढली. चाचपली. उपडी केली. ओळखपत्र नव्हतं.

तो काही ओरडला नाही. खाली बसला आणि पिशवीची शिवण उसवून बघू लागला. तासाभरात हॉल ओळखू येईना. सात महिने एकमेकांसमोर उभे राहणारे लोक एकमेकांच्या हाताकडे बघू लागले. जो तो आपली पिशवी काढून खाटेवर घेऊन गेला आणि डोक्याखाली ठेवून आडवा झाला, फुटपाथवर झोपतात तसा. ताई बघत राहिल्या. कपाटात उरलं फक्त खालच्या खणातलं भंगारवाल्याचं बोचकं. तो भंगारवाला मागच्या थंडीत दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या चिंध्या टाकून द्यायचा ताईंना धीर झाला नाही.

मला चोर ठाऊक होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. पण मी बोलणार कसा?

बुधवारी सकाळी सातच्या आत साहेब आले. सगळ्या पिशव्या हॉलमध्ये ओळीने मांडून तपासल्या. सापडलं काही नाही. बोचक्यापाशी आल्यावर साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "ते राहू दे," म्हणाले. मग ड्रायव्हरला समोर बोलावलं.

"चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"दुसरी चावी?"

"एकच आहे, साहेब."

"म्हणजे तुझ्याशिवाय हे कपाट कुणाला उघडता येत नाही."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मला नुसता हात लावायचा अवकाश होता. एक हिसका, आणि तो सुटला असता. हॉलमधले सगळेच माझ्याकडे बघत होते.

"चावी माझ्याकडेच असते," तो पुन्हा म्हणाला.

"बोल ना रे," रंगारी म्हणाला. "घेतलं असशील तर दे. मी कुणाला काही विचारणार नाही. मला चोर नकोय, मला माझं कार्ड हवंय."

"तुझ्या कार्डाचं मी काय करू? माझं तोंड तुझ्यासारखं दिसतं का?"

"विकतात लोक. तूच सांगितलं होतंस ना, ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर काय काय विकतात."

साहेबांनी निकाल दिला. गुरुवारी सकाळी दहापर्यंत ओळखपत्र मिळालं नाही तर ड्रायव्हरने चावी ठेवायची, खाट सोडायची आणि या दारात परत यायचं नाही. "मी येताना नवीन कुलूप घेऊन येतो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ड्रायव्हर स्वयंपाकघरात पाव कापत होता. मावशी म्हणाल्या, "सांगून का टाकत नाहीस, ते कुलूप म्हणजे नुसता देखावा आहे म्हणून?"

"सांगितलं की उद्या दोन कुलपं येतील. मग म्हातारीला चष्म्यासाठीसुद्धा अर्ज करावा लागेल."

"आणि तू कुठे जाशील?"

"ट्रकच्या टपावर झोपलेला माणूस मी. मला काय."

"तेव्हा कंबर धड होती तुझी," मावशी म्हणाल्या आणि पातेल्यात डाव जोरात आपटला.

खरं सांगतो, मला लाज वाटायला हवी होती. पण मला राग आला तो आजीचा. दवाखान्यात मऊ गादीवर पडली असेल, कार्ड उशाशी घेऊन. आणि माझ्यावर एक माणूस लटकलाय. मी लागत नाही हे कबूल करायला मला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो गप्प.

आज गुरुवार. आज ताईंनी सातला दार बंद केलंच नाही, सगळे थांबून राहिले. साडेनऊला बाहेर स्कूटर थांबली आणि साहेब घाईघाईने आत आले, हेल्मेट डोक्यावर तसंच. हातात नवं कुलूप, खोक्यात, दोन चाव्यांसकट. ड्रायव्हरने गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली आणि वळकटी बांधायला घेतली. रंगारी भिंतीकडे तोंड करून बसला होता. तेवढ्यात दारातून आजी आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आमच्यावर.

"काय रे, कुणी मेल्यासारखे का उभे सगळे?"

ताईंनी हळू आवाजात सांगितलं. आजी ऐकत गेली आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. मग ती सरळ माझ्याकडे आली. चावी टेबलावर होती, तिने तिकडे बघितलंही नाही. मला धरलं आणि दिला हिसका. साहेबांच्या देखत. मी उघडलो, आणि तिने मला टेबलावर आदळलं. तिने खालच्या खणातून भंगारवाल्याचं बोचकं ओढलं, गाठ सोडली, चिंध्यांतून एक मोजा काढला आणि मोज्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ओळखपत्र.

"घे. आणि पळ आता."

रंगारी उठला आणि त्याने कार्ड घेतलं. "आजी, तू? मला सांगायचंस तरी."

"तुला कशाला सांगू? ज्याची ठेव त्याला जागा सांगायची नाही. दोन लाथा बसल्या की माणूस ओकतो सगळं. मी अशा किती ठेवी राखल्यात फुटपाथवर, विचार कुणालाही. सगळ्यात घाण बोचक्यात टाकायच्या. त्याला चोरसुद्धा हात लावत नाही."

साहेबांनी नकळत खिशातला रुमाल आणखी आत ढकलला.

"पण आजी, इथे कोण लाथा मारणार होतं?" ताई म्हणाल्या.

"ते मला काय ठाऊक? यांनी पत्र वाचलं पंगतीत उभं राहून. खिडकीची खोली म्हणे. ऐकून कुणाचं मन फिरणार नाही? माझंच फिरलं असतं. मी नसताना कोण लक्ष ठेवणार होतं? बुधवारी परत येणार होते मी. डॉक्टरने एक दिवस जास्त डांबून ठेवलं."

रंगारी ड्रायव्हरसमोर जाऊन उभा राहिला. बोलायला गेला तर खोकलाच आला.

"राहू दे. बाराच्या आत पोच," ड्रायव्हर म्हणाला. "मागच्या रस्त्याने जा, पुढे खणलंय." आणि वळकटी तशीच टाकून त्याला दारापर्यंत सोडायला गेला.

हॉलमध्ये साहेबांना आता कुठे दुसरी गोष्ट सुचली. त्यांनी मला उचललं, लावलं, ओढलं. उघडलो. पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं.

"हे कधीपासून असं आहे?"

शेवटी आजीच म्हणाली, "सात महिने झाले."

"सात महिने? आणि या सगळ्यांना माहीत होतं?" ते ताईंकडे वळले. "काय काय गेलं सात महिन्यांत?"

ताईंनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तक्रार अशी एकच आली. ही."

आत्ता मी टेबलावर पडलोय. शेजारी नवं कुलूप आहे, चकचकीत, खोक्याबाहेर काढलेलं. त्याच्या पोटातही कुणीतरी तेच वाक्य भरलं असणार, सख्ख्या बापाचं ऐकू नकोस म्हणून. मला मोडीत घालायचं की पुन्हा कपाटाला अडकवायचं ते साहेब ठरवताहेत. सुरुवातीला मी म्हणालो ना, तुमच्यापैकी कुणीतरी रोज खोटं बोललंय? खट् असा आवाज करून, सकाळ-संध्याकाळ. तो मीच. आणि आजीला चोर ठरवणाराही मीच.

तुम्ही, जे हे वाचताय, तुम्हीही कुठे ना कुठे काही देत असाल. जुना कोट, पातेलंभर जेवण. द्या. पण देताना मागे कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघू नका. मला ओढून बघितलं तेव्हा मी मजबूत झालो नाही, झिजलो. माणसं तर पितळेची नसतात. आणि मी मोडीत गेलो तरी कुणी एवढं म्हणावं असं वाटतं, की याच्यामुळे इथलं काही टिकलं नाही. जे टिकलं ते समोर उभं राहणाऱ्या माणसामुळे.

हे सगळं मला पटलंय असं मात्र समजू नका. सवय जात नाही. साहेबांनी मान वर करून हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "तो ड्रायव्हर कुठे गेला?" वळकटी खाटेवर होती, पण माणूस नव्हता. रंगाऱ्याला सोडायला गेलेला, पाव तास झाला, अजून आला नव्हता. साहेब चाचपू लागले. शर्टाचा खिसा, पँटचा खिसा, हेल्मेटच्या आत. त्यांचा चेहरा उतरला. आणि मला लपवायचं नाही, माझ्याही मनात तेच आलं.

तेवढ्यात मावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हातात दोन कप घेऊन.

"साहेब, स्कूटरला चावी तशीच राहिलीय तुमची," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर मघापासून राखत उभा आहे. त्याचा चहा तिकडेच नेऊन देऊ का?"